नाव गुप्त ठेवण्यात येईल

"चोवीस आहेत. मोजून घे," हवालदार म्हणाला आणि स्टीलच्या ग्लासांचा खोका त्यानं माझ्या पुढ्यात पायानं सरकवला.

पायानं. हे मी मुद्दाम सांगतोय.

मी ठाण्याच्या व्हरांड्यात, चपला काढतात तिथं, फरशीवर बसलो होतो. मांडीवर माझं भांड्यावर नाव घालायचं मशीन. सकाळीच फोन आला होता, "साहेबांनी बोलवलंय, मशीन घेऊन ये." मला वाटलं, तपासाला लागत असेल. खरंच वाटलं हो. बायकोला म्हणालो, बघ, दोन महिने गेले, पण शेवटी घेतलं त्यांनी मनावर. इस्त्रीचा शर्ट घातला. रिक्षात मशीन दोन्ही हातांनी धरून बसलो, धक्का लागू दिला नाही.

आणि तपास हा. चोवीस ग्लासांवर ठाण्याचं नाव घालायचं. का, तर म्हणे ग्लास चोरीला जातात. पोलिस ठाण्यातून!

"साहेब, त्या बाईच्या खुनाचं..." मी म्हणालो.

"आधी ग्लास."

घातली नावं. चोवीसच्या चोवीस. मशीन चालू झालं की घर्र आवाज होतो, येणारा-जाणारा वळून बघत होता. मध्येच दोन डबे आणून ठेवले. ते फौजदारसाहेबांच्या घरचे, त्यांच्यावर साहेबांच्या मंडळींचं नाव. तेही घातलं. चांगल्या वळणदार अक्षरात घातलं, सवयच तशी. स्टीलची भुकटी उडून घसा कोरडा पडला होता. म्हणालो, "हवालदारसाहेब, जरा पाणी देता का?"

समोर चोवीस ग्लास रांगेत. कोपऱ्यात पाण्याचा जार. हवालदारानं जारकडं बघितलं, ग्लासांकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाला, "बाहेर नळ आहे. ओंजळीनं पी."

मी गेलो आणि ओंजळीनं प्यायलो. आजही सांगताना कानशिलं तापतात, ती त्याच्यावर नाही, माझ्यावर.

मी कोण, ते सांगतो. नाशकाच्या भांडीबाजारात एका दुकानाच्या पायरीवर माझी बैठक आहे. लोक 'नाववाला' म्हणतात. स्टीलवर मशीननं घालतो, तांब्या-पितळेवर हातानं, छिन्नी-हातोडीनं ठोकून. ठोकायचं काम एका म्हाताऱ्या तांबट कारागिरानं शिकवलं. आधी म्हणाला होता, "तुमच्यात कोण करतं रे हे काम?" मी म्हणालो, "आता मी करणार." आम्ही बौद्ध, वसाहतीत राहणारी माणसं. शिकवलं त्यानं, पण वर्षभर घोळवून.

माझा एक नियम आहे. गिऱ्हाईकानं नाव स्वतःच्या हातानं माझ्या वहीत लिहून द्यायचं. सुरुवातीला मी नुसतं ऐकून घालायचो. एकदा आहेराच्या परातीवर आडनाव चुकलं, तर नवरदेवाच्या काकानं भर बाजारात माझ्या कानाखाली काढली. तेव्हापासून वही. मंत्री आला तरी वही.

त्या वहीत मंजुळानं नाव लिहिलं होतं. मंजुळा पेठकडची, डोंगरातली. अंबडला एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची. एक दिवस तांब्याचा नवा कोरा हंडा कमरेवर घेऊन आली. पाण्यानं भरलेला असावा तशी चालत आली.

म्हणाली, "भाऊ, ठोकून घाला. मशीननं नको."

"नवऱ्याचं नाव सांगा."

"तो गेला टाकून. नुसतं माझं घाला."

"वडलांचं?"

"हंडा मी घेतलाय का बापानं?"

मला हसू आलं. वहीत तिनं नाव लिहिलं, एकेक अक्षर दाबून. मग म्हणाली, बाजूला मोहाचं फूल काढा. मी मोहाचं फूल कधी नीट बघितलेलं नव्हतं. तिनं वहीतच काढून दाखवलं. हंड्याच्या गळ्याखाली, डाव्या अंगाला, मी नाव ठोकलं आणि फूल ठोकलं. तसं फूल नाशकात दुसऱ्या कुठल्या भांड्यावर नाही. मी पैजेवर सांगतो.

नंतर ती अधूनमधून यायची. कधी वाटी, कधी कढई. पायरीवर दोन मिनिटं टेकायची. एकदा म्हणाली, "आता माझी स्वतःची खानावळ टाकते भाऊ. ताटं घेतली की सगळ्यांवर नाव तुम्हीच घालायचं." मी विचारलं, मग कॅन्टीनचं काय? तर म्हणाली, "ठेकेदार सोडीत नाय. म्हणतो, जाऊन दाखव." हसत म्हणाली. मीही हसलो.

त्यानंतर एका मंगळवारी ठेकेदार आला. कॅन्टीनचा ठेकेदार, अंबडला तीन-चार कारखान्यांत त्याच्या कॅन्टीन. गाडी बाजारात आणता येत नाही, तरी तोंडापर्यंत आणली. हातात तांब्याचा हंडा. "हे नाव काढ," म्हणाला. "ओझरला भाचीचं लग्न आहे. सप्रेम भेट, मामाकडून, असं घाल."

मी हंडा फिरवला. मोहाचं फूल.

"हे मंजुळाबाईचं ना?"

"ती गेली गावाला कायमची. मला देऊन गेली. तू काम कर."

वही पुढं केली. माझं पेन त्यानं हातात घेतलं नाही. खिशातलं स्वतःचं काढलं, मजकूर लिहिला, खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि नावाखाली दोन रेघा ओढल्या. आणि मी काय केलं? खरवडलं. घासलं. पॉलिश मारून चकचकीत केलं. आहेरात आलेल्या भांड्यावरचं नाव काढून ते दुसऱ्याला देणं काही नवीन नाही, निम्मं नाशिक करतं. रोजचं काम. एक प्रश्न विचारला, दुसरा विचारला नाही. गिऱ्हाईक मोठं होतं.

शुक्रवारी अंबडच्या मागच्या नाल्यात बाईचं प्रेत सापडलं. डोक्यात मार होता. आधी पेपरात 'अनोळखी महिला' आलं. दोन दिवसांनी नाव आलं. मी चहा पीत होतो. कप खाली ठेवला तो तसाच राहिला. बातमीत ठेकेदाराचं म्हणणं होतं : ती रविवारीच सगळं सामानसुमान घेऊन गावाला निघाली, पुढचं आपल्याला काही माहीत नाही.

सगळं सामान घेऊन. मग मंगळवारी माझ्या पायरीवर आला तो हंडा कुठला?

तांबं चांगलं होतं, जाड होतं. ते त्याला फेकवलं नाही. बाई फेकली, हंडा नाही फेकवला. आणि बाईचं नाव पुसायला तो माझ्याकडं आला, आणि मी पुसून दिलं.

ठाण्याबाहेर फलक लागला होता. तिचा फोटो, खाली ओळ : 'माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्यात येईल.' ती ओळ मी दोनदा वाचली. मग वही पिशवीत घातली आणि आत गेलो.

तीन तास बसवलं. मग फौजदारानं बोलावलं. पहिला प्रश्न खुनाबद्दल नव्हता.

"राहतो कुठं?"

वसाहतीचं नाव सांगितलं, घर नंबरही सांगितला.

"अच्छा. म्हणजे आता मोर्चा काढणार तुम्ही."

"नाही साहेब, मी एकटाच आलोय. माहिती द्यायला."

सगळं सांगितलं. तो मोबाईल बघत ऐकत होता. मग हवालदाराला हाक मारून म्हणाला, "ऐकलं का? हंड्यावरून खुनी धरायचा." दोघं हसले. मी तरी सोडलं नाही. म्हणालो, "साहेब, मशीनचं नाव घासलं की जातं. ठोकलेलं जात नाही. तांब्याचा पत्रा मऊ असतो, छिन्नीचा ठोका आतल्या बाजूला उमटतो. बाहेरून कितीही घासा. हंड्यात हात घाला, गळ्याखाली डाव्या अंगाला, बोटांना नाव लागेल. फूल लागेल. हंडा ओझरला लग्नघरी आहे. इथून अर्ध्या तासाचा रस्ता."

"तू मला तपास शिकवणार?"

त्यानं वही ओढून घेतली, पानं चाळली, टेबलाच्या खणात टाकली.

"साहेब, वहीची काही पावती?"

"दुकान आहे का हे?"

पुढचे दोन महिने मी हेलपाटे घातले. साहेब बंदोबस्ताला गेलेत. साहेब कोर्टात आहेत. साहेब जेवतायत. कुणी ओझरला गेलं नाही. मला माहीत आहे, कारण मी प्रत्येक वेळी विचारलं आणि प्रत्येक वेळी हवालदार म्हणाला, "अरे नाववाल्या, तुला दुसरं काम नाही का?" ओझरचं लग्न लागलं, मंडप निघाला, हंडा त्या घरात पाण्याला लागला असेल. बायको म्हणाली, "अहो, पुरे करा आता. आपल्याला पोरी आहेत." ती काही चुकीचं बोलत नव्हती.

आणि मग मशीन घेऊन ये म्हणून तो फोन. मग ते चोवीस ग्लास. निघताना फौजदार जिन्यात भेटला तर म्हणाला, "छान घातलीस रे नावं. तुझं ते हंड्याचं बघू."

मी घरी येऊन मशीन फळीवर ठेवलं आणि ठरवलं, बास. आपण आपलं केलं. आता आपला काय संबंध?

पंधरा दिवसांनी मंजुळाची आई आली. एसटीनं, एकटी. वाळकी बाई, हातावर गोंदण, पायात काही नाही. बाजारात नाववाला कुठं बसतो म्हणून विचारत विचारत आली होती. पायरीवर बसली. पाणी दिलं, प्यायली.

"पोर सांगायची," म्हणाली, "नाशकात एक भाऊ हाय, माझं नाव लिवतो."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"पोलिसाकं गेलते. म्हणले सामान काय नाय. तिचा हंडा हुता. मोठा. तुला ठावं हाय का कुठं गेला?"

काय सांगायचं? खोटं बोलता आलं असतं. नाही बोललो. म्हणालो, "आई, तो हंडा माझ्याकडं आला होता. ठेकेदारानं आणला होता. त्याच्यावरचं नाव मी पुसलं."

"तू पुसलंस?"

"हो."

ती माझ्या हातांकडं बघत राहिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी घाईघाईनं म्हणालो, "मला माहीत नव्हतं आई. आईशप्पथ माहीत नव्हतं."

"तवा ठावं नव्हतं," ती म्हणाली. "आता हाय ना?"

एवढंच. उठली आणि स्टँडकडं चालायला लागली. मी उठून तिला सोडायलाही गेलो नाही. दिवसभर एक भांडं हातात घेतलं नाही. आता हाय ना, आता हाय ना. दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं तरी त्या आवाजात तेच ऐकू यायचं. तो हवालदार मला ओंजळीनं पाणी पाजून मोकळा झाला, आणि मी गुमान घरी येऊन बसलो होतो. त्यांना हेच तर पाहिजे होतं. माझ्यासारख्यानं दमावं, लाजावं आणि आपणहून गप्प व्हावं.

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, ठेकेदार आला.

हातात तांब्याचा नवा तांब्या. माझ्यासमोर ठेवला, गिऱ्हाईकाच्या पाटावर बसला. आरामात. म्हणाला, "नाव घालायचंय."

हात सवयीनं गेला आणि मी वही पुढं केली. नवी वही, जुनी ठाण्याच्या खणात. त्यानं पुन्हा स्वतःचंच पेन काढलं. सावकाश लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या, वही माझ्याकडं फिरवली.

'कै.' आणि पुढं माझं नाव. माझं, माझ्या बापाचं, आडनाव. खाली वसाहतीचं नाव आणि घर नंबर. सगळं बरोबर. एक काना चुकला नव्हता.

"तारखेची जागा मोकळी सोड," तो म्हणाला. "ती नंतर घालू."

बाजारात मला सगळे नाववाला म्हणतात. ज्या दुकानाच्या पायरीवर बसतो, त्या मालकालाही माझा घर नंबर माहीत नाही. तो मी फक्त एका ठिकाणी सांगितला होता. तिथं, त्या फलकाच्या आत. गुप्त ठेवतो म्हणाले होते ते.

खोटं कशाला सांगू, मी घाबरलो. हातोडी घट्ट धरली. डोळ्यांपुढं दोन्ही पोरी आल्या. आणि का कोण जाणे, त्याच क्षणी एक वेगळीच गोष्ट डोक्यात आली. आमच्यात कै. लिहीत नाहीत. कालकथित लिहितात. मला मारायला निघालेल्या माणसाला माझ्या मरणाची रीतसुद्धा माहीत नव्हती, आणि माहीत करून घ्यायची त्याला गरजही वाटली नव्हती. तळपायाची आग मस्तकात गेली. भीती होतीच, पण ती बाजूला झाली.

मी उभा राहिलो. मोठ्यानं बोललो, चार दुकानांना ऐकू जाईल असं.

"जिवंत माणसाच्या नावाआधी मी कै. घालत नाही. मागच्या वेळी तुम्ही मंजुळाचं नाव पुसून हंडा घेऊन गेलात. तिच्या नावाआधी घालायचं राहिलंय. ते घालून देतो."

दुकानाच्या मालकानं एकदा वर बघितलं आणि वजनकाट्याकडं मान खाली घातली. ठेकेदार हसला. "कसला हंडा रे?" म्हणाला आणि वहीकडं हात नेला. मी वही उचलली, मांडीखाली घातली आणि तिच्यावर बसलो. हातात हातोडी तशीच. भर बाजारात त्याला झोंबाझोंबी करता येईना. उठला, कपडे झटकले.

"तांब्या ठेव तुझ्याकडंच," म्हणाला. "लागेल."

ठेवला. त्याच तांब्यावर मी संध्याकाळपर्यंत बसून मंजुळाचं नाव ठोकलं. फूल ठोकलं. खाली ठोकलं : हिचा खून झाला. तो तांब्या आता माझ्या पायरीवर सगळ्यांत पुढं असतो. बायका भांडी घेऊन येतात, विचारतात, "कोण हो ही?" मी सांगतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत, नावासकट सांगतो. काही गिऱ्हाइकं तुटली. मालक म्हणतो, दुसरी पायरी बघ. बघेन, पण तांब्या घेऊनच जाईन.

ठेकेदारानं अक्कल पाजळायला नको होती. त्याच्या हाताचं अक्षर जुन्या वहीबरोबर गेलं होतं, ते तो स्वतः येऊन परत देऊन गेला. त्या पानाच्या मी पाच झेरॉक्स काढल्या. अर्ज लिहिला, स्वतःच लिहिला, दोन रात्री खोडून खोडून. त्यात एवढंच मागितलंय : माझी जुनी वही खणातून काढा आणि शेजारी ही नवी ठेवा. काढता येत नसेल तर ती कुठं गेली ते लिहून द्या. आणि ओझरला जा. एक प्रत मंजुळाच्या आईला पेठला नेऊन दिली. तिला वाचता येत नाही. तिनं घडी करून डब्यात ठेवली आणि म्हणाली, "काम कर."

अर्ज घेऊन ठाण्यात गेलो तेव्हा बसलो नाही. हवालदार म्हणाला, "ठेवून जा." म्हणालो, "पोहोच द्या. शिक्का मारा." म्हणाला, "बस तर आधी." मी उभा. दुपार झाली, मी उभाच. शेवटी त्यानं जारमधून पाणी काढलं आणि ग्लास पुढं केला. "घे, पाणी पी. कशाला डोकं तापवतोस?"

ग्लासावर माझं अक्षर होतं. घशाला कोरड होती, तरी म्हणालो, "नको. शिक्का मारा."

मारला नाही. मी सोमवारी परत गेलो. पुढच्या सोमवारी आयुक्तांच्या कार्यालयात गेलो, तिथं अर्ज दिला, तिथंही उभा राहिलो. आता दर सोमवारी जातो, आधी इथं, मग तिथं. बायको डबा करून देते. काही बोलत नाही, पण डबा देते. मोटारसायकलवरचे दोघं जण वसाहतीच्या कोपऱ्यावर थांबलेले असतात, त्यांना मी आता ओळखतो. मान हलवून पुढं जातो.

हे छापणारे म्हणाले, नावं घालता येणार नाहीत. ठीक आहे. भांडीबाजारात या, पायरीवर बसा, तोंडानं सांगतो. ठेकेदाराचं, फौजदाराचं, हवालदाराचं. आणि माझंही सांगतो, पूर्ण, घर नंबरासकट. ते म्हणाले होते नाव गुप्त ठेवू. मी कुणाचंच ठेवणार नाही.

सोमवारी जाणारच आहे. आणि एखाद्या सोमवारी मी दिसलो नाही, तर माझ्यासाठी मेणबत्त्या लावत बसू नका. ओझरला जा. मामानं आहेर दिलेला तांब्याचा हंडा कुठल्या घरात आहे ते विचारा. पाणी ओतून टाका आणि आत हात घाला. गळ्याखाली, डाव्या अंगाला. तिचं नाव तिथं आहे.